नखभर खाली

ड्रिल खाली ठेव, प्रणीत, आधी चहा घे.
सिलिंग कुठे पळत नाही.
घणसोलीत एकविसाव्या मजल्यावर
मालकाला हवाय घुमट, जिप्सम बोर्डाचा,
आत निळे दिवे, मधोमध पंखा.
होईल. चार दिवसांत होईल.

खऱ्या घुमटाच्या पोटात
मी अकरा महिने उभा होतो, परांचीवर.

एजंट म्हणाला होता, युरोप, बिल्डिंग लाइन.
उतरलो तर डोंगरातला मठ,
सातशे वर्षांचा.
काळ्या झग्यांतले सहा साधू, एक मांजर,
आणि दिघ्याचा हा मढवी,
तोंडातून वाफ, हातात थापी.

भिंत कशी, सांगतो.
तीन थर वीट, एक थर दगड, परत तीन थर वीट,
लुगड्याच्या काठासारखी.
दगड उजळ, आपल्या पारसिकचा काळा नव्हे,
ठोकला की वेगळा बोलतो.
खाली चौक, वर गोल.
आता चौकावर गोल बसवायचा कसा?
चार कोपऱ्यांत चार झोळ्या धराव्यात
तशी वीट वळवत, झुकवत वर नेलेली.
प्रत्येक झोळीत रंगवलेला एक म्हातारा, लिहीत बसलेला.
सातशे वर्षं त्याचं पान भरत नाही.
आणि घुमटाच्या जाडीत मडकी पुरलेली, तोंडं आत.
मी वर शिंकलो,
खाली सगळा मठ शिंकला.

वुकाशिन सांगायचा, अर्धं हातांनी, अर्धं मोबाइलवर.
कुण्या राजाने बांधला, मरणाआधी, घाईत.
मग दुसऱ्यांचं राज्य आलं.
छपराचं शिसं उतरवून गोळ्या ओतल्या.
नव्वद वर्षं पाऊस थेट देवाच्या अंगावर.
आत मेंढ्या बांधायचे.
छातीपर्यंतची भिंत अजून गुळगुळीत आहे,
लोकरीने घासलेली.
घंटेला बंदी, म्हणून साधू लाकडाची फळी ठोकायचे.
बंदी उठून किती पिढ्या झाल्या,
घंटा आहे, चांगली पितळी,
पहाटे मात्र फळीच.
का, विचारलं. म्हणाला,
तेव्हा हिनं निभावलं, आता हिला घरी कशी बसवू?

संतांना डोळे नव्हते.
मला वाटलं, शत्रूचं काम.
काही शत्रूने, म्हणाला, बाकी आमच्याच बायकांनी.
पोराचे डोळे आले की रात्री यायच्या,
संताचा डोळा नखाने खरवडायच्या,
ती भुकटी पाण्यात कालवून पोराला लावायच्या.
पोरं बरी झाली की नाही,
त्याची कुठे नोंद नाही.

मी चुना मळून ते खळगे भरायला निघालो,
तर मिलेवाबाईंनी मनगट धरलं.
डोळे भरायचे नाहीत.
बाकी भर, पण नखभर खाली.
नवा गिलावा जुन्याच्या पातळीला आणायचा नाही,
बघणाऱ्याला कळलं पाहिजे
कुठे तो आणि कुठे तू.

वीस वर्षं ओळंबा लावून मी एकच शिकलेलो, लेव्हल.
सांधा दिसला की इथे पैसे कापतात.
तिथे सांधा दाखवायचा पगार.

चुन्याचा वास तेवढा ओळखीचा.
आमचे आजोबा खाडीच्या शिंपल्या भाजायचे,
भट्टी विझली तेव्हा मी दोन हात उंच होतो.
तो वास मला बर्फात भेटला.
कुणाला सांगणार? मांजराला सांगितलं.

परत आलो तर गावदेवीच्या देवळात
ग्रॅनाइट येऊन पडलेलं, बिल्डरची देणगी.
जुनी भिंत खरवडली.
ऑइलपेंटचे सात थर, त्याखाली शिंपल्याचा चुना,
आणि कुणाची तरी चार बोटं,
ओल्यात उमटून तशीच वाळलेली.
माझा हात लावून पाहिला. लहान होती.

झाकलं सगळं. काम घेतलेलं.
फक्त घंटेच्या मागे वीतभर सोडली.
अध्यक्ष म्हणाले, हे काय, मिस्त्री?
म्हटलं, माल कमी पडला.
दर अमावास्येला विचारतात, माल आला का.

संपला चहा? चल,
बोर्ड धर.