वजन टाकल्यावर

ढेपेच्या दुकानाला लागून माझं गॅरेज, दिग्रस रस्त्यावर.
कडुलिंबाखाली दोन ट्रॅक्टर, एक टेम्पो,
आणि त्यांच्या मधात, माझ्या गुडघ्याच्या थोडी वर,
दोन सीटची ती लाल गाडी.
जिनिंगवाल्या शेठच्या पोरानं कधीकाळी विलायतेहून आणलेली,
पुढं लिलावात निघाली,
घेतली कोणी, तर गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी.
गाव हसलं. मग त्याला सवय झाली.

"साठच्या वर गेली की इकडंतिकडं पाहते," बाई म्हणाल्या,
"स्टेअरिंग फिरवलं की आधी विचार करते,
मग वळते."
न बोलणाऱ्यांची दुखणी ओळखण्यात त्यांची तीस वर्षं गेली,
मी कशाला मधात बोलू?

पहार नुसती टेकवली आर्मला,
तर चाक बोटभर सरकलं.
बुश गेलेले. आठच्या आठ.
रबर कसलं, वाळलेली संत्र्याची साल;
नखानं उचकटली तर तुकडा हातात आला.
एवढ्याशा रबरानं किती वर्षं
लोखंडाला लोखंडापासून दूर ठेवलं होतं,
कोणाच्या कानावर न येता.
आवाज आला तो ते संपल्यावर.

नागपुरात नाही. पुण्याच्या माणसानं फोनवर किंमत सांगितली,
मी म्हटलं, बरं, आणि फोन ठेवला.
मग रज्जाकभाईंचा लेथ.
त्यांच्याजवळ दोन तुकडे : एक पिवळा,
वणीच्या कोळसा खाणीतल्या चाळणीचा, दगडासारखा;
एक काळा, कुठल्याशा प्रेसच्या पायाखालचा.
"कडक लावशील तर गाडी सुतात चालंन,
पण एकेक खड्डा बाईच्या मणक्यात जाईन."
"आपला रस्ता पाहून सांगा ना जी."
त्यांनी काळा उचलला.

रबर तसं पात्याला भीत नाही, नुसतं वाकतं.
म्हणून रसवंतीवाल्या उमेशच्या पेटीत
बर्फ, मीठ, आणि आमचा काळा ठोकळा, रात्रभर.
सकाळी त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणे
रस पिऊन विचारत होतं, आज टायरचा वास काऊन येते?

इकडं बोल्ट दोन दिवस डिझेलमधी भिजले,
तिसऱ्या दिवशी शिव्या खाऊन सुटले.
जुनी नळी हेक्सॉनं चिरली,
नव्यांना तेल नाही लावलं, तेल रबर खातं,
साबणाचं पाणी लावलं,
व्हाइसमधी धरून पाव-पाव फेरा देत
एकेक घरात बसवला.
चव्वेचाळीस डिग्री. पाना फडक्यात धरावा लागे.

बाईंना वाटलं, झालं.
मी म्हटलं, आता कुठं.
बोल्ट आताच आवळले, गाडी जॅकवर लोंबकळत असताना,
तर खाली उतरल्याबरोबर रबराला पीळ बसंन,
आणि ते उभ्या जागी फाटत राहीन.
आधी तिला तिच्या पायावर उभी करा,
रोज जेवढं ओझं असते तेवढं टाका,
मगच आवळायचं.

बाई आपल्या सीटवर जाऊन बसल्या.
"बाजूले कोण बसते जी?"
त्या आरशात पाहत होत्या, आरसा ढेपेच्या दुकानाकडं वळलेला.
"कोणी नाही."
मग, पान्याचा आवाज थांबल्यावर,
"ठरलं होतं एकदा."

मी काही विचारलं नाही.
गुल्हान्यांच्या दुकानातून सरकीच्या ढेपेचं एक पोतं आणलं,
पन्नास किलो,
रिकाम्या सीटवर बसवलं, पाठ टेकवून.
गाडी दोन्हीकडं सारखी दबली.
मी खाली सरकलो, अंगावर नवी सावली,
आणि आठही बोल्ट आवळले
करकचून.

तेवढ्यात आर्णीकडून फोन. म्हैस अडली होती.
बाई निघाल्या, फाट्यावर वळल्या,
गाडीनं विचार केला नाही.

संध्याकाळी गुल्हाने आले : पोतं?
मी वहीत लिहिलं.
बुश, आठ. लेथ. मजुरी.
बर्फ.
ढेप, एक पोतं.