मासे हिचामी, खोली नंबर दोन

नाव विचारलं तर म्हणाली, मासे.
मी म्हटलं, ते टोपलीत आहेत, तुझं सांग.
तर तेच तिचं नाव.
एटापल्लीच्या पलीकडे, नदी ओलांडून,
जिथे पावसाळ्यात टपालसुद्धा अलीकडेच थांबतं,
तिथे मुलींचं नाव मासे ठेवतात.
आख्खा दिवाळे कोळीवाडा हसला त्या संध्याकाळी.
तीही हसली, जरा उशिरा,
आमचं हसणं कुठल्या बाजूचं आहे ते बघून.

वाशीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकते.
म्हटलं, एवढ्या लांब येऊन आकडे कशाला गो?
म्हणाली, आमच्याकडे माणसं मोजतात, मावशी.
रात्रीचे येऊन मोजतात, सकाळचे येऊन मोजतात.
दोघांचे आकडे जुळत नाहीत.
बाबाने रात्रीच्यांना भात वाढला,
सकाळच्यांनी विचारलं, कुणाला वाढलास?
मग पुन्हा रात्र झाली.

एवढंच सांगितलं.
मी बोयांची खवलं काढत राहिले.

तिच्या फाईलीत दाखला आहे, नक्षलग्रस्त.
माझ्या पेटीत आहे, प्रकल्पग्रस्त,
सिडकोच्या शिक्क्याचा, डांबराच्या गोळ्यांसोबत.
ग्रस्त म्हणजे काय गो?
म्हणाली, गिळलेलं.

घोळ चिरताना कधीकधी
पोटात आख्खी मांदेली सापडते.
चांदी तशीच, डोळा तसाच.
जिवंत नसते. पण कोण होती ते कळतं.

शिष्यवृत्ती अकरा महिने मंजूर आहे.
मंजूर आहे, आलेली नाही.
परीक्षेच्या तोंडावर कॉलेजने हॉलतिकीट अडवलं.
त्या महिन्याची भिशी माझी होती,
होडीच्या इंजिनासाठी धरलेली.
बारकूबाय भर बाजारात भडकली,
आपल्या पोरांना दिलं होतं का कुणी?
तिचं खोटं नाही.
माझा जयेंद्र, नोकरी येईल येईल म्हणत
चाळिशी ओलांडून मॉलच्या गेटवर शिट्टी वाजवतो.
मी उत्तर दिलं नाही. सुरी धुतली.
दुसऱ्या दिवशी बारकूबायनेच
माझ्या बर्फावर पाचशेची नोट आपटली.
म्हणाली, ओली झाली तरी चालते,
आणि तिला सांगू नकोस.

ऑफिसातल्या बाबूने आधी रुमाल काढला.
मग विचारलं, पालकाचं नाव?
चांगुणा धर्मा कोळी.
मुलीचं?
मासे.
नातं?
म्हटलं, कोळणीला माशांचं नातं विचारता?
तीन टेबलं हसली. शिक्का बसला.
रिक्षात बसल्यावर सुचलं मला,
आपलं नातं तर जाळ्याचं.
तिच्याकडे बघितलं. ती पावतीची घडी करत होती,
इतकी बारीक, की मुठीत मावावी.

आता संध्याकाळी वही घेऊन धक्क्यावर बसते.
म्हाताऱ्यांना विचारते, खाडीत काय काय मिळायचं?
जिताडा, खरबी, निवटी, काळुंदर, शिंगाली.
आणि आता?
म्हातारे बोटं मोडतात, एका हातावर संपतं.
ती दोन्ही आकडे लिहून घेते.
आम्हाला आजवर कुणी हे विचारलं नव्हतं,
ना भराव घालताना, ना पूल बांधताना.

परवा खोली झाडताना वही उघडी होती.
मला आकडे वाचता येतात, अक्षरं सावकाश.
पुढून माशांची नावं.
मागच्या पानावरून मात्र वेगळीच मोजणी,
एक, दोन, तीन, खाली चौदापर्यंत,
आणि प्रत्येक आकड्यासमोर एक नाव.
तिसऱ्याच्या पुढे हिचामी लागलं मला.
तिथून पुढे लावायचा प्रयत्न केला नाही.
केरसुणी भिंतीला टेकवून बाहेर आले.

रात्री दोन वाजता तिचा दिवा चालू असतो.
मीटर एकच आहे, बिल वाढलंय.
बोलणार आहे मी तिला.
पेपर संपू देत.