एक टोपण जास्त

निकेलचा प्लग चार युरो,
इरिडियमचा पंधरा.
मधल्या अकरा युरोंत काय असतं
हे गोडेलिव्हला विचारलं तर ती
आधी काउंटर पुसते, मग चष्मा,
आणि म्हणते, "अकरा युरो."

तरी मी घेतला.
झिंकच्या कारखान्यात जादा रात्रपाळ्या झालेल्या,
खिसा गरम,
आणि योरिंडेची गाडी दर रविवारी
तिसऱ्या फेरीत खोकायला लागायची
घशात माशाचा काटा अडकल्यासारखी.
एकशे पंचवीस सीसी, टू-स्ट्रोक.
मालकीणही तशीच, सोळा वर्षांची,
तापायला वेळ लागत नाही.

"टोक बारीक, ठिणगी सहज पडते," मी म्हणालो,
"थंडीत एका किकमध्ये सुरू."
"होते की," गोडेलिव्ह म्हणाली,
"मी कुठं नाही म्हणते?
पण आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, लोवी?"
आणि सुटे पैसे मोजून दिले.

खरंच एका किकमध्ये सुरू झाली.
केम्पेनच्या पांढऱ्या वाळूत
पाइनच्या रांगेमागून तिचा आवाज येत राहिला,
पहिली फेरी, दुसरी,
आणि मग नुसता पाइनचा आवाज.

प्लग काढला. काळा, ओला,
डांबरातून बुडवून काढल्यासारखा.
साधा असता तर तारेच्या ब्रशनं घासला असता.
याचं टोक सुईएवढं,
घासलं की गेलं.
पंधरा युरो हातात धरून मी उभा
आणि बौदेवाइननं जाकिटातून काढून दिला
चार युरोवाला.
त्याच्याकडे नेहमी दोन असतात:
एक त्याच्या गाडीसाठी,
एक माझ्यासारख्यासाठी.

संध्याकाळी गोडेलिव्हनं दिव्याखाली
जुन्या वर्तमानपत्रावर दोन्ही ठेवले.
"ही इंजिनाची जीभ. डॉक्टर बघतो तशी बघायची.
कोकोचा रंग असला तर तब्येत ठीक.
पांढरी पडली तर आत आग आहे, घाबर.
काळी, ओली, तर पोट बिघडलंय.
जीभ सोन्याची करून घेतलीस
म्हणून पोट बरं होत नाही."
मग नाकाशी धरून विचारलं, "तेल किती?"
"चाळीसाला एक."
"तू म्हणतोस चाळीस,"
प्लग माझ्यासमोर सरकवत ती म्हणाली,
"हा वेगळंच सांगतोय."

शनिवारी गॅरेजच्या दारात मी उभा होतो,
तिला माहीत नव्हतं.
योरिंडेनं माप घेतलं, रेषेपर्यंत, डोळा लावून,
कॅनमध्ये ओतलं.
मग बाटलीचं टोपण भरून
अजून एक.
दुसऱ्याच्या स्वयंपाकात
गुपचूप मीठ घालावं तसं.

दोन वर्षांपूर्वी सरळ रस्त्यावर, पूर्ण वेगात,
पिस्टन जागच्या जागी धरला.
मागचं चाक दगड झालं.
गळपट्टीचं हाड सहा आठवड्यांत जुळलं,
आम्ही सगळ्यांनी हाडाचीच चौकशी केली.
ती म्हणाली, काही नाही झालं.
आम्हाला तेच ऐकायचं होतं.

दोन वर्षं, दर शनिवारी, एक टोपण.
आणि मी प्लगच्या किमती बघत बसलो.

काय बोलणार?
कॅन धरायला गेलो. "मी धरतो," एवढंच.
पुढच्या शनिवारीही धरला.
ती रेषेपाशी थांबली,
टोपण भरलं, माझ्याकडे पाहिलं,
अर्धं परत बाटलीत ओतलं,
अर्धं कॅनमध्ये.
गोडेलिव्ह म्हणेल, अर्धंही जास्तच.
म्हणू दे.

इरिडियमवाला स्वयंपाकघरातल्या खणात आहे,
रबरबँड आणि वाढदिवसाच्या उरलेल्या मेणबत्त्यांत.
फेकवत नाही. पंधरा युरो.

त्या रविवारी गाडी खोकली,
पण पाचव्या फेरीत.
मी वाळूतून पळत गेलो,
पाना एका हातात,
खिशात चार युरोचा प्लग,
सकाळपासून अंगाशी राहून
कोमट झालेला.