फेब्रुवारीची रेघ

ग्लिगोरमामा आधी खूर बघत नाही.
घोड्याला अंगणात चालवायला सांगतो
आणि डोळे मिटून ऐकतो.
टप्, टप्, टप्,
मग चौथ्या जागी एक गिळलेला आवाज.
"पुढचा डावा," म्हणतो, आणि चामड्याचं ओटं बांधतो.

मी नऊ वर्षं तोरिनोत होतो,
लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवत.
आता मारामुरेशच्या ह्या खोऱ्यात मामाच्या हाताखाली.
माझं काम दोर धरणं
आणि तोंड बंद ठेवणं.

घोडा मुर्गू. डोंगरावरून बीचचे ओंडके ओढतो.
मालकीण पारास्का दारातच,
हात ओच्यात गुंडाळलेले.
"कधीपासून लंगडतोय?"
"परवापासून. फार तर तेरवा."

मामा पाय उचलून गुडघ्यांत धरतो
आणि मुर्गू, जणू कुणी सांगून ठेवल्यासारखा,
सगळं ओझं त्याच्या पाठीवर टाकून मोकळा होतो.
अडुसष्ट वर्षांची पाठ.
"रेल बाबा, रेल. उद्या माझी पाळी."

वरच्या केसाळ काठापासून थेट नालेपर्यंत
चीर गेलेली,
करंगळीचं नख मावेल एवढी.
आत शेण, माती, सालीचा भुगा,
आणि तो वास:
कोबीच्या पिंपातला दगड सरकून
वरची पानं उघडी पडली की येतो, तो.

खिळे निघतात. नाल निघते.
चिमटा कडेकडेने दाबत जातो.
इथे? नाही.
इथे? नाही.
इथे...
दोर माझ्या तळव्यातून सरसर, कातडी घेऊन.

मग वाकड्या टोकाची सुरी.
मेणासारख्या चकत्या गळतात,
त्यांच्याखाली एक काळा ठिपका, सुईच्या टोकाएवढा.
मामा त्याच्या मागावर जातो, न घाई, न दया,
आणि एकदम करडा, पातळ पू
उसळून त्याच्या मनगटावर.

मुर्गू श्वास सोडतो.
इतका लांब, की उकिरड्यावरची कोंबडी
उकरायची थांबते.

चिरेतूनही काहीतरी निघतं,
कडक, पिवळं, काचेसारखं.
मामा ते अंगठ्यावर घेऊन उन्हात धरतो.
राळ.
मग ओल्या फडक्यानं खूर पुसतो.
खुरावर वळ्या असतात, झाडाच्या असतात तशा,
वाचणाऱ्याला वाचता येतात.
केसांपासून अडीच बोटं खाली एक वळी
इतरांहून खोल, ओठ चावल्यासारखी.
तिच्यावर तो नख ठेवतो.
"हा फेब्रुवारी," म्हणतो.
बाहेर जुलैचं गवत कापून पडलेलं.

पारास्का आमच्याकडे बघत नाही.
"लाकूडवाला महिन्यातून एकदाच ट्रक पाठवतो," म्हणते.
बऱ्याच वेळानं म्हणते,
"राळ मीच भरली. रात्री. दिवा न लावता."

मला वाटलं, आता मामा बोलेल.
तो राळ हुंगतो.
"चांगली आहे. कुठल्या झाडाची?"
"विहिरीमागच्या."
"हं," मामा म्हणतो.

तोरिनोत ओल धरलेल्या भिंतींवर
मी किती फरशा चिकटवल्या, त्या मी तेव्हा मोजू लागलो,
आणि सोडून दिलं.

मग बादली. कोमट पाणी, मूठभर मीठ.
पाय पाण्यात, घोड्याचा डोळा अर्धा मिटलेला.
मग जवस आणि कोंड्याचं गरम पोटीस,
वर पोत्याचं कापड, वर चिकटपट्टीचे सात वेढे.
ओंडके बंद, सप्टेंबरपर्यंत.
आठ दिवसांनी पुन्हा येऊ,
आडव्या पट्टीची नाल घेऊन,
आणि चिरेच्या डोक्यावर तापल्या सळईनं
एक आडवी खूण ओढू: इथून वर नाही.

ती दारू ओतते. मामा पितो.
पैशांचं कुणी काढत नाही.

परततीला गाडीत मी विचारतो, भरेल ना?
"भेग कधी भरत नसते," मामा म्हणतो, गुडघा चोळत.
"खाली उतरते."
महिन्याला नखभर.

म्हणजे कधीतरी, पुढच्या हिवाळ्यात बहुतेक,
फेब्रुवारी जमिनीला टेकेल,
कानशीखाली येऊन अंगणात पडेल,
आणि पारास्काचं कुत्रं
तो तुकडा तोंडात धरून
कुंपणामागे पळेल, एकट्यानं खायला.