एकशे चाळीस मीटर

रविवारी मी दवाखाना उघडत नाही.
पाचपाखाडीहून रिक्षा करते, खाडीपूल ओलांडून कळव्याला,
रंगाच्या बंद कारखान्यामागे,
जिथे पत्र्याखाली आमची म्हातारी उभी आहे:
अडीच फुटी रूळ, वजन अकरा टन,
नाव नाही. कारखान्याच्या वहीत नुसतं 'यंत्र क्र. ४'.
दारावर 'संग्रहालय' अशी पाटी आहे, खडूने लिहिलेली.

पहिल्या दिवशी मिनेझिस म्हणाले, डॉक्टर, तुम्ही काय करणार?
मी पर्समधून स्केलर काढला.
तेलनळीच्या तोंडाशी चाळीस वर्षांचं वंगण
दगड होऊन बसलं होतं.
किटण ते किटण. दातावरचं काय, पितळेवरचं काय.
फरक एवढाच, ही मधेच चूळ भरायला मागत नाही.

अझीम पटवेकर मुंब्र्याहून येतो, बोल्ट कातून आणतो,
माप कागदावर नाही, अंगठ्याच्या पेरावर.
सुनंदा वाघचौरे बँकेतून रिटायर झालेली;
तिच्या वहीत प्रत्येक वॉशरची नोंद,
आणि चहाचे पैसे कुणी बुडवले तेही.
तन्मेश अकरावीला. घरी सांगतो, क्लास आहे.
आणि घरतकाका, खुर्चीत.
सत्तावीस वर्षं त्यांनी हिला कोळसा भरवला.
त्यांना कुणी काम सांगत नाही.

रंग खरवडताना भांडण झालं.
वर लाल, लालाखाली काळा, मग राखाडी,
आणि तळाशी हिरवा, कोवळ्या भेंडीसारखा.
कुठल्या सालात आणून ठेवायची हिला?
मिनेझिस म्हणाले, मूळचा तोच खरा.
सुनंदा म्हणाली, मूळचा लावणाऱ्यांनी
हिला काम करताना पाहिलीय कुठे?
दोन रविवार कुणी कुणाशी धड बोललं नाही.
मला विचारलं. मी म्हटलं, कवळी करायला येतात माणसं,
विशीतले दात कुणी मागत नाही.
ऊस सोलता येत होता तेव्हाचे मागतात.
मग कुणाला तरी आठवलं, काकांना विचारलंच नाही.
'काळा,' काका म्हणाले. 'पुसायला मीच होतो.'
काळा लावला. डाव्या कुशीवर
तळव्याएवढी जागा सोडली, चारही रंग दिसतील अशी.

मग बॉयलरचे साहेब आले.
छोट्या हातोडीने टकटक करत कान लावत गेले,
दाढेला मी लावते तसा. मला आवाजावरूनच कळलं.
सोळा मिलिमीटरचा पत्रा, सहाचा उरलाय.
वाफ नाही. यापुढे कधीच नाही.
सही केली, शिक्का मारला, चहा न घेता गेले.
सुनंदाने तारीख लिहिली
आणि पुढे काय लिहावं ते तिला सुचेना.

तन्मेश म्हणाला, हवेवर चालेल की.
वाफेला ढकलायचंच असतं ना? मग हवा ढकलेल.
टायरवाल्याचा कंप्रेसर आणला, दिवसाला नऊशे रुपये.
मला ते पटलं नाही. उसना श्वास तो.
पण व्हेंटिलेटरवरच्या माणसाला
आपण मेलेला म्हणत नाही.

फेब्रुवारीतला रविवार.
कंपाउंडवर पोरं बसलेली, पाय आत सोडून.
मिनेझिसनी रेग्युलेटर ओढला. काही नाही.
पुन्हा ओढला. आतून कुणी घसा खाकरावा तसं झालं
आणि अकरा टन, एक वीत, पुढे.
मग दुसरी वीत.
अझीम शेजारून चालत होता, हात चाकाजवळ,
लेकराला पहिल्यांदा सायकलवर सोडल्यासारखा.

घरतकाका वर होते, फावडं घेऊन.
कुणी दिलं त्यांना ते फावडं, माहीत नाही.
भरायला कोळसा नव्हता, पेटवायला आग नव्हती.
तरी अर्ध्या वाटेत त्यांनी फायरबॉक्सचं दार उघडलं,
सवयीने तोंड जरा बाजूला घेतलं, झळ लागू नये म्हणून,
आणि मग तसंच उघडं ठेवून
काळोखात बघत राहिले.

भिंतीवरून एक पोरगी ओरडली, धूर कुठाय?
कुणी उत्तर दिलं नाही.
रूळ संपतात तिथे अठ्ठावीस मजली टॉवरची भिंत आहे.
तिथवर गेलो. तिथून मागे आलो.

वहीत सुनंदाच्या अक्षरात:
'धाव एकशे चाळीस मीटर, जाऊन-येऊन.
येताना डाव्या मागच्या चाकाला किरकिर.
पुढच्या रविवारी बघणे.
घरत, चहा दोन, पैसे घेतले नाहीत.'