तीन तारीख

हाइनोच्या कॅलेंडरवर ऑगस्टची तीन तारीख
जानेवारीतच गोल केलेली असते.
त्या दिवशी ब्लूबेरी काढायच्या.
त्याचे वडीलही म्हणे तीन तारखेलाच काढायचे.
वडिलांच्या वेळी ही झुडपं नव्हतीच,
बटाटे होते;
पण हे मी त्याला एकदाच बोलून दाखवलं.

विल्यांडीच्या तळ्याकडे उतरणारी आमची गल्ली.
कुंपणाच्या अलीकडे माझी तीन झुडपं,
पलीकडे त्याची अकरा.
मी तारखेला नाही, बोटांना विचारते.
निळी झाली म्हणजे पिकली असं नसतं:
उलटी करून देठाशी बघावं,
लालसर कडं दिसलं तर ती अजून झाडाची आहे.
अंगठा नुसता टेकवावा.
यायची असेल तर घरंगळते ओंजळीत,
जणू तीच कंटाळली होती वाट बघून.
ओढावी लागली, तर चूक आपली.

यंदा मे संपेपर्यंत जमीन गारठलेली,
फुलंच आली पंधरा दिवस उशिरा.
आणि जुलैअखेर गुडघा बदलायला
हाइनोला तार्तूला नेलं.
दोन तारखेच्या रात्री फोन:
"मिल्वी, उद्या तीन."
माहीत आहे, म्हटलं.
"पांढऱ्या बादल्या शेडमध्ये, दारामागे.
जाळीला खाली भोक आहे, तिथून कस्तूर शिरतात."

गेले मी. खरंच गेले, बादली घेऊन.
अकराच्या अकरा निळीशार,
लांबून बघणाऱ्याने फसावं अशी.
एक उलटी केली. लाल कडं.
दुसरी. लाल.
तिसरी खाल्ली, दात आंबले.
नुसत्या गाभुळलेल्या;
पाडाला यायला आठवडा तरी हवा.
मासे धरायच्या दोऱ्याने भोक शिवलं,
बादली होती तिथे उपडी ठेवली
आणि संध्याकाळी फोनवर सांगितलं, काढल्या.
"किती?"
ही अडचण माझ्या लक्षातच आली नव्हती.
साडेतीन बादल्या, म्हटलं.
"गेल्या वर्षी चार होत्या,"
तो म्हणाला, आणि गप्प झाला.

मग ते नऊ दिवस.
आयुष्यात इतकं मोठं खोटं कधी सांभाळलं नव्हतं.
सकाळी दवात पाय भिजवत एक फेरी, संध्याकाळी एक,
पावसाने फळं तडकतील म्हणून डोळे आभाळाकडे,
आणि जाळीवर बसून माझ्याकडे बघणारा एक कस्तूर,
ज्याला सगळं ठाऊक होतं.

बारा तारखेला पहाटे पहिली घरंगळली.
न ओढता.
दुपारपर्यंत मी स्टुलावरून उठले नाही.
सव्वापाच बादल्या.

सतराला हाइनो काठी टेकत आला.
माझ्या स्वयंपाकघरात बसून वाडगा पुढे ओढला,
चमचा बाजूला सारून मूठच भरली.
डोळे मिटले. बराच वेळ.
"बघ," म्हणाला, "तीन तारीख."
मी सायीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

मग त्याने वाडग्यातली एक उचलली,
चष्मा कपाळावर नेला,
अंगठ्याने हळूच उलटी केली
आणि देठाची बाजू उजेडाकडे धरली.
खिडकीतून त्याची शिवलेली जाळी दिसत होती.
काही न बोलता
त्याने ती तोंडात टाकली.