नमुना क्रमांक चार

उदगीरच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
खिडक्यांना काळा कागद लावून
मी अर्धा तास अंधार राखत बसते.
फॉइलमध्ये गुंडाळलेल्या नऊ नळ्या.
आत जांभळं पाणी; पिकल्या जांभळाचं नव्हे,
दौत सांडल्यावर नखात उरतं तसलं.

ह्या जांभळ्याचा एक इलेक्ट्रॉन एकटा पडलाय,
बिडवे मॅडम सांगतात,
म्हणून ते दिसेल त्याच्या अंगावर जातं.
आपल्या रक्तातही असली भांडखोर हिंडतात.
कुणीतरी स्वतःतलं काढून द्यावं लागतं,
मग ती निवतात. पिवळी पडतात.

नमुना क्रमांक चार : तरवड, साल.
ठिकाण : लेंडी नदीचा काठ.
गोळा करणारी : मी.
पारंपरिक उपयोग : मधुमेह, डोळे येणे.
पुस्तकात तेवढंच होतं, रकानाही तेवढाच.

नरसाप्पा, माझा आज्जा,
हीच साल कुटायचा,
वारं गावात शिरणार नाही अशा अंगाला.
कातडं पिशवीसारखं शिवून बाभळीला टांगायचा,
आत सालीचं पाणी,
गळलं की पुन्हा वरून तेच पाणी,
दिवसच्या दिवस.
कुजणारं कुजायचं थांबायचं.
त्याच्या मोटांनी गावाचे मळे भिजले.
विहिरीवर मात्र तो लांब उभा, घागर खाली ठेवून.
मोटा गेल्या, मग वहाणा, आसूड.
कोपरापर्यंत तांबूस हात तेवढे राहिले.

चौथीत असताना एकदा
विसरलेली कंपासपेटी घेऊन तो शाळेत आला.
खिडकीच्या गजातून हात आत.
कुणाचा गं, मुलींनी विचारलं.
मी म्हणाले, माहीत नाही.
पेटी खिडकीतच ठेवून तो गेला.
घरी कधी काढलं नाही त्यानं ते.

अर्धा तास झाला.
कोरी नळी अजून जांभळीच.
क जीवनसत्त्वाची पिवळी, ती होणारच होती.
चौथी काढते:
माळावर पाऊस नसतानाही फुलतो
त्या तरवडाच्या फुलाइतकी पिवळी.
यंत्र पाचशे सतरावर लावलेलं. आकडा येतो.
मॅडम चष्म्यावरून बघतात,
‘चांगलंय. अजून दोनदा कर,
एकदा आलेलं कुणी धरत नाही.’

पुन्हा साल कुटायला बसते.
मिक्सर आहे, तरी खलबत्त्यात.
हातमोज्यांचा खोका कपाटात भरलेला आहे.
वहीत लिहिते : हातमोजे संपले.